चिमूटभर मीठ आणि पाण्याची परीक्षा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. माझी भाची होशंगाबाद रोडवरच्या एका नव्या कॉलनीत राहते. सकाळीच तिचा फोन आला, "मावशी, संध्याकाळी चहाला ये. पाण्याचं मशीन दाखवायला एक माणूस येणार आहे. तू जन्मभर पाणीच तपासलंस, तेव्हा तू समोर असलीस तर बरं."

ते खरंच आहे. एका औष्णिक वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं पाणी तपासलं. निवृत्त झाल्यावर नातेवाइकांत माझी ओळख 'पाणीवाली मावशी' अशीच उरली आहे. मी गेले. घरात भाची, जावई, भाचीच्या सासूबाई आणि आठवीतली नात. नातीचं पोट पंधरा दिवसांत दोनदा बिघडलं होतं, त्यामुळे सगळेच धास्तावलेले.

माणूस वेळेवर आला. चुणचुणीत, गोड बोलणारा मुलगा. त्यानं काचेचे दोन ग्लास मागितले. एकात घरातलं नळाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतलं आरओचं. दोन्ही ग्लासांत सळया बुडतील असं एक छोटं यंत्र वर ठेवलं आणि बटण दाबलं. मिनिटभरात नळाच्या पाण्यात हिरवट-तपकिरी गाळ उसळला. आरओचं पाणी मात्र जसंच्या तसं. "आंटीजी, देख लीजिए, आप लोग यही पी रहे हैं," तो म्हणाला. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. जावयानं पैसे द्यायला मोबाइलही काढला.

मी उठले, मिठाच्या बरणीतून चिमूटभर मीठ आणलं आणि त्याच्या स्वच्छ ग्लासात टाकून ढवळलं. "बेटा, अब फिर से चलाओ." तो का-कू करू लागला, पण नातीनं हट्टच धरला. बटण दाबलं गेलं आणि त्या 'शुद्ध' पाण्यातही तसाच, किंबहुना जास्तच गाळ उसळला. घरातलं मीठ रोज आपण भाजीत घालतो. ते काही विष नव्हे. मग हा गाळ आला कुठून?

तो आला सळईतून. त्या यंत्रात लोखंडाची सळई असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंजासारखा साका होतो. आरओच्या पाण्यात क्षार फार थोडे, म्हणून वीज जवळजवळ वाहतच नाही आणि ते पाणी स्वच्छ दिसत राहतं. म्हणजे त्या ग्लासातली घाण नळाच्या पाण्यातली नव्हतीच. (तरुण मंडळींनो, हा प्रयोग घरी करून बघू नका. पाणी आणि घरातली वीज यांचा खेळ जिवावर बेततो.)

तो मुलगा निघून गेला. पण नातीनं मला सोडलं नाही. "मावशीआजी, मग पाण्यातले क्षार वाईट असतात की चांगले? आणि काढतात कसे?" त्या संध्याकाळी तिला जे सांगितलं, तेच जरा नीट मांडून इथे लिहिते आहे. कारण आपल्या बहुतेक घरांत आज ते मशीन भिंतीवर आहे, आणि ते का आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

क्षार येतात कुठून?

पावसाचं पाणी जवळजवळ क्षाररहित असतं. खाली येताना ते हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडासा विरघळवून घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. हे सौम्य आम्ल जमिनीत मुरतं, खडकांच्या भेगांतून फिरतं आणि वाटेत भेटणारं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सोबत घेतं. जितका काळ खडकाशी संगत, तितके क्षार जास्त.

आपलं भोपाळ विंध्य पर्वताच्या वालुकाश्मावर आणि माळव्याच्या काळ्या पाषाणावर वसलेलं आहे. या काळ्या दगडातून येणारं बोअरचं पाणी बहुधा जड निघतं. याउलट मोठा तलाव, कोलार धरण आणि नर्मदा यांचं पाणी जमिनीवरचं, पावसानं भरलेलं. त्यात क्षार कमी. अकराव्या शतकात राजा भोजानं बांधलेला हा तलाव आजही शहराच्या काही भागाला पाणी पाजतो.

हा फरक आपल्या आज्यांना कुठल्याही यंत्राशिवाय कळायचा. "बोरिंगच्या पाण्यात डाळ शिजत नाही गं," असं माझी आई भेलच्या क्वार्टरमध्ये आल्यापासून म्हणायची. 1956 साली हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनी स्थापन झाली आणि त्यानंतर आमच्यासारखी कितीतरी मराठी कुटुंबं इथे आली. त्यांच्या स्वयंपाकघरांतलं हे ठरलेलं वाक्य. आईचं निरीक्षण अचूक होतं. डाळीच्या पेशींना धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ कॅल्शियमशी जोडला गेला की घट्ट होतो आणि डाळ टचटचीत राहते. त्याच कॅल्शियममुळे साबणाला फेस येत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो आणि नळाच्या तोंडाशी चुन्याची पुटं जमतात.

पाण्यात विरघळलेल्या अशा सगळ्या पदार्थांची बेरीज म्हणजे टीडीएस. एका लिटरमध्ये किती मिलीग्रॅम, असा तो मोजतात. भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात हा आकडा 500 पर्यंत असावा; दुसरा पाण्याचा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेता येतो. कठीणपणासाठी हेच आकडे 200 आणि 600 आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 600 च्या खालच्या पाण्याची चव साधारणपणे चांगली लागते आणि 1000 च्या पुढे ती बिघडत जाते. शून्य टीडीएस असलेलं पाणी प्या, असं यातलं कुणीही सांगत नाही.

क्षार काढायच्या तीन वाटा

पहिली वाट सगळ्यांत जुनी. पाण्याची वाफ करायची आणि ती थंड करून पुन्हा पाणी करायचं. क्षार भांड्याच्या तळाशी राहतात. हेच ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे आपलं डिस्टिल्ड वॉटर. पद्धत सोपी, पण इंधन फार लागतं. इथे एक गैरसमज दूर करते. नुसतं पाणी उकळल्यानं क्षार जात नाहीत. जंतू मरतात, थोडा चुना तळाशी बसतो, पण वाफ उडून पाणी आटलं की उरलेले क्षार त्या कमी पाण्यात दाटच होतात.

दुसरी वाट अदलाबदलीची, आणि माझी नोकरी याच वाटेवर गेली. मोहरीएवढ्या, मधाच्या रंगाच्या रेझिनच्या मण्यांनी भरलेली उंच टाकी डोळ्यांसमोर आणा. पाणी त्यातून जाताना मणी पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम स्वतःकडे ठेवून घेतात आणि त्या बदल्यात हायड्रोजनचे आयन सोडतात. दुसऱ्या टाकीतले मणी क्लोराइड, सल्फेट, सिलिका ठेवून घेतात आणि हायड्रॉक्सिल देतात. हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल भेटले की काय होतं? पाणीच. म्हणजे क्षार जाऊन त्यांच्या जागी पाणी आलं! मणी भरले की पहिल्या टाकीला आम्लानं आणि दुसरीला कॉस्टिक सोड्यानं धुऊन काढलं, की ते पुन्हा कामाला तयार.

कॉलनीत बसवतात तो सॉफ्टनर याच कुळातला, पण त्याचं काम अर्धंच. तो कॅल्शियम घेऊन सोडियम देतो. त्यामुळे साबणाला फेस येतो, गीझर वाचतो, पण टीडीएस तेवढाच राहतो. सॉफ्टनर लावला आणि मीटरचा आकडा हलला नाही, तर फसवणूक झाली असं समजू नका.

तिसरी वाट आरओची. ती समजायला काकडीची कोशिंबीर पुरे. चोचवलेल्या काकडीला मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळात भांड्यात पाणी सुटतं. काकडीच्या पेशींचा पडदा पाण्याला जाऊ देतो, आणि बाहेर मीठ जास्त असल्यानं पाणी तिकडे ओढलं जातं. मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात, तो याचाच उलटा अनुभव. पाणी नेहमी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जातं. फ्रान्समध्ये नोले नावाच्या अभ्यासकानं 1748 साली डुकराच्या मूत्राशयाचा पडदा वापरून ही गोष्ट दाखवली होती.

आता खारट बाजूनं पंपाचा जोर लावला तर? पाणी उलट दिशेनं, पडद्यातून गोड बाजूला येतं आणि क्षार मागे राहतात. म्हणून नाव रिव्हर्स ऑस्मोसिस. कल्पना साधी, पण पुरेसं पाणी सोडणारा पडदा मिळत नव्हता. 1960 च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोएब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी तो बनवला. 1965 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोएलिंगा या गावात अशा पडद्याचा पहिला प्रकल्प चालू झाला. तिथलं भूजल इतकं खारट, की एकेकाळी पिण्याचं पाणी रेल्वेनं आणावं लागत असे. आज आपल्या मशीनमधल्या पडद्याचा खरा कामाचा थर केसाच्या जाडीच्या काहीशे पट पातळ असतो. तो थर तुमच्याआमच्या स्वयंपाकघरात गुंडाळी होऊन बसला आहे.

पण यात एक मेख आहे. मागे राहिलेले क्षार वाहून न्यायला पाणी लागतं. घरगुती मशीनमध्ये एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर पाणी मोरीत जातं. चौघांच्या घरात पिण्या-स्वयंपाकाला वीस लिटर लागलं, तर रोज चाळीस ते साठ लिटर वाहून गेलं. मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या कॉलनीत हा हिशेब करून पाहावा.

जिथे क्षार काढायलाच हवेत

वीजकेंद्रात आम्ही पाण्यातला क्षार न् क्षार शोधून काढायचो, त्याला कारण होतं. बैतूल जिल्ह्यातल्या सारणीचं असो की आणखी कुठलं, औष्णिक केंद्राच्या बॉयलरमध्ये प्रचंड दाबाखाली वाफ तयार होते. या दाबाला पाण्यातली सिलिकासुद्धा वाफेबरोबर उडते आणि टर्बाइनच्या पात्यांवर काचेसारखी चिकटून बसते. दुरुस्तीसाठी टर्बाइन उघडलं, तेव्हा पात्यांवरचा तो पांढरा थर मी नखानं खरवडून पाहिला आहे, निघत नाही. म्हणून एका लिटरमध्ये 20 मायक्रोग्रॅमच्या वर सिलिका जाऊ नये, यासाठी रात्रपाळीतही दर काही तासांनी नमुना तपासायचा. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

दुसरं ठिकाण रुग्णालय. डायलिसिसच्या एका बैठकीत रुग्णाच्या रक्तापलीकडून सुमारे 120 लिटर पाणी वाहतं, मध्ये फक्त एक पातळ पडदा. आपण प्यायलेलं पाणी आतडं आणि मूत्रपिंड तपासून घेतात. इथे तो पहाराच नसतो. 1970 च्या दशकात काही देशांत डायलिसिसच्या रुग्णांची वाचा अडखळू लागली, स्मृती गेली, काही दगावले. शोध घेतल्यावर कळलं, की पाण्यातलं अ‍ॅल्युमिनियम त्यांच्या मेंदूपर्यंत पोचत होतं. तेव्हापासून डायलिसिसचं पाणी आरओतून काढणं हा शिरस्ताच झाला. तिथे शून्याकडे जाणारा आकडा म्हणजे जीवदान.

तिसरं ठिकाण माझं आजोळ. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. इथल्या बऱ्याच मराठी घरांची मुळं त्या बाजूला असल्यानं हे नाव तुम्ही आजोबांच्या तोंडी ऐकलं असेल. दर्यापूरकडे लहानपणी सुट्टीत गेलो की विहिरीचं पाणी तोंडात धरवत नसे. चहा केला तर दूध फाटायचं. आजी पावसाचं पाणी साठवून पाहुण्यांसाठी राखून ठेवायची. त्या पट्ट्यातल्या गावात आरओ ही चैन नाही, गरज आहे. झाबुआ, धार भागातल्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त. दीड मिलीग्रॅमच्या पुढे वर्षानुवर्षं ते पोटात गेलं, तर आधी दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडं वाकतात. तिथेही ते काढलंच पाहिजे.

आणि एक अगदी घरगुती ठिकाण म्हणजे इन्व्हर्टरची बॅटरी. "आरओचं पाणी शुद्धच, घाल बॅटरीत," असं करू नका. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच, आणि त्यातलं क्लोराइड आणि लोह बॅटरीच्या प्लेटा खातं. बॅटरीला डिस्टिल्ड किंवा डीएम पाणीच हवं. म्हणजे बघा, पिण्याच्या दृष्टीनं उत्तम पाणी बॅटरीला वाईट, आणि बॅटरीचं पाणी पिण्यासाठी बेचव. पाणी चांगलं की वाईट हे विचारण्याआधी 'कशासाठी?' हे विचारावं लागतं.

आकडा काय सांगत नाही

आता नातीला दिलेला प्रयोग तुम्हीही करा. हा अगदी सुरक्षित आहे. टीडीएसचा पेनासारखा मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. एका ग्लासात पाणी घेऊन आकडा बघा. मग दोन चमचे साखर विरघळवून पुन्हा बघा. पाण्यात साखर तर भरपूर विरघळली आहे, पण आकडा चढणार नाही! कारण हा मीटर पदार्थ मोजतच नाही. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज बांधतो. जे वीज वाहून नेत नाही, ते त्याला दिसत नाही.

त्याला जंतूही दिसत नाहीत. कावीळ, टायफॉइड, जुलाब करणारे जंतू असलेलं पाणी 80 चा छान आकडा दाखवू शकतं, आणि 600 चं बोअरचं पाणी जंतूंच्या बाबतीत निर्मळ असू शकतं.

आणि भोपाळमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विसरू नये. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्रीचं सगळ्यांना ठाऊक आहे. पण युनियन कार्बाइडच्या आवारात आणि बाहेरच्या तळ्यांत टाकलेल्या कचऱ्यातून जमिनीखाली झिरपलेलं विष, ही त्या रात्रीहून वेगळी, पुढे कितीतरी वर्षं चाललेली गोष्ट आहे. कारखान्याभोवतीच्या वस्त्यांच्या भूजलात कार्बन टेट्राक्लोराइडसारखी क्लोरीनयुक्त रसायनं सापडली. तिथली माणसं वर्षानुवर्षं हातपंपाचं पाणी पीत होती. 2004 साली सर्वोच्च न्यायालयानं या वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरवण्याचा आदेश दिला आणि पुढे त्यांच्यापर्यंत कोलारचं पाणी पोचवावं लागलं. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात कार्बन टेट्राक्लोराइडची मर्यादा लिटरमागे 0.004 मिलीग्रॅम ठरवली आहे. टीडीएसच्या शेकड्यांच्या आकड्यात ती कुठे दिसणार? शिवाय हे रसायन वीजही वाहून नेत नाही. त्या बायाबापड्यांच्या हातात तेव्हा टीडीएस मीटर असता, तर त्यानं 'पाणी ठीक आहे' असंच सांगितलं असतं. लहान आकडा म्हणजे निर्धोक पाणी, असं आमच्याकडे कुणी म्हणालं की मला त्या हातपंपांची आठवण होते.

मग घरात काय करावं?

पहिलं काम, आपल्या घरात कुठलं पाणी येतं ते शोधा. महापालिकेचं, बोअरचं, टँकरचं की तिन्ही मिसळून? नव्या कॉलन्यांत हे ऋतूप्रमाणे बदलतं. पावसाळ्यानंतर मोजलेला आकडा मे महिन्यात खरा राहत नाही.

दुसरं, पाणी विक्रेत्याकडून तपासून घेऊ नका, प्रयोगशाळेत द्या. लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या प्रयोगशाळा आहेत, खासगीही आहेत. टीडीएस, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड, लोह आणि कोलिफॉर्म जंतू एवढं तपासून मागा. जंतूंचा नमुना त्यांच्याच निर्जंतुक बाटलीत घ्यायचा असतो. घरच्या बाटलीत नेला तर निकाल चुकतो.

तिसरं, टीडीएस 500 च्या आत असेल आणि फ्लोराइड, नायट्रेटसारखी तक्रार नसेल, तर आरओची गरज नाही. गाळणी, कार्बन आणि अतिनील किरणांचं यंत्र पुरतं. तेही नसेल तर पाणी गाळून, खळखळून उकळावं. 2019 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानंसुद्धा जिथे टीडीएस 500 हून कमी आहे तिथे आरओवर बंदी घालावी, आणि जिथे आरओ चालू राहील तिथे सुरुवातीला किमान 60 टक्के पाणी परत मिळावं, असे निर्देश पर्यावरण मंत्रालयाला दिले होते.

चौथं, आरओ लागतच असेल तर बिनदिक्कत वापरा, पण डोळसपणे. चवीसाठी मशीनमध्ये 'टीडीएस कंट्रोलर' देतात. तो बहुधा पडद्याला वळसा घालून थोडं मूळ पाणीच मिसळतो. मूळ पाण्यात फ्लोराइड असेल, तर तेही त्या वाटेनं परत येतं. अशा ठिकाणी तो बंद ठेवायला सांगा. मोरीत जाणारं पाणी बादलीत धरा; फरशी पुसायला, संडासला चालतं. कुंड्यांना मात्र रोज घालू नका, मातीत क्षार साठतात.

आणि ज्यांच्याकडे आरओ आहे त्यांनी घाबरूनही जाऊ नये. "आरओनं हाडं ठिसूळ होतात," असे संदेश मोबाइलवर फिरतात. साधा हिशेब करा. लिटरमागे 40 मिलीग्रॅम कॅल्शियम असलेलं पाणी दोन लिटर प्यायलं तर 80 मिलीग्रॅम मिळतं. एका पेलाभर, म्हणजे 200 मिलीलिटर दुधात सुमारे 240 असतं. पाण्यातलं कॅल्शियम उपयोगी आहे, पण आपला मुख्य पुरवठा दूध, दही, नाचणी, तीळ यांचा. ताट नीट असेल तर हाडांची काळजी पाण्यावर सोडावी लागत नाही.

त्या घराचं काय झालं?

भाचीनं मशीन घेतलं नाही. आम्ही दोन नमुने प्रयोगशाळेत दिले: एक नळ इमारतीत शिरतो तिथला, एक स्वयंपाकघरातला. क्षारांचे आकडे दोन्हीकडे सारखेच आले, 500 च्या पुष्कळ खाली. फ्लोराइड, नायट्रेट ठीक. पण नळाच्या तोंडाशी नसलेले कोलिफॉर्म जंतू स्वयंपाकघरातल्या पाण्यात होते. मधे एकच गोष्ट होती, गच्चीवरची टाकी.

जावई टॉर्च घेऊन वर गेला. टाकीचं झाकण एका कडेनं फुटलेलं, आत कबुतराची पिसं, आणि तळाशी वीतभर काळा गाळ. इमारत बांधल्यापासून ती टाकी कुणी धुतलीच नव्हती. पुढच्या रविवारी सोसायटीच्या पोरांनी मिळून टाकी घासली, क्लोरीनच्या पाण्यानं धुतली, नवं झाकण बसवलं. खर्च आला तो सगळ्या घरांत वाटून अगदी किरकोळ. नातीच्या पोटाची तक्रार त्यानंतर आली नाही. दुसरा नमुना स्वच्छ निघाला, तरी भाची पिण्याचं पाणी उकळूनच घेते, आणि तेच बरं आहे.

सासूबाईंना मात्र अजून एक शंका होती. "पण मग मे महिन्यात बोअरचं पाणी येतं तेव्हा?" प्रश्न बरोबर होता. म्हणून आता उन्हाळा लागला की ते पुन्हा तपासायचं ठरलं आहे. आकडा मर्यादेबाहेर गेला तर आरओ घ्यायचा, नाहीतर नाही. तोवर त्या महिन्यात डाळीसाठी कोलारचं पाणी वेगळं भरून ठेवतात. डाळ छान शिजते.

नातीनं तिच्या खोलीच्या दारावर एक कागद चिकटवला आहे. त्यावर टाकी धुतल्याची तारीख आहे आणि खाली पुढची तारीख, सहा महिन्यांनंतरची. या रविवारी तुमच्या गच्चीवरचं झाकण एकदा उघडून बघा, एवढंच माझं सांगणं.